गिझरवर २००० वॅट, मग हिशोबात १४०० कसे?

डिचोली तालुक्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. चवथीला घर माणसांनी भरलं की संध्याकाळी गिझरचं पाणी तापायला फार वेळ लागतो, म्हणून त्यांनी मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर घेऊन स्वतःच मोजमाप केलं. गिझर १५ लिटरचा, प्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं छापलेलं. गिझर बंद असताना मीटरजवळच्या मेन बोर्डावर २०५ व्होल्ट आणि न्हाणीच्या बोर्डावरही २०५. गिझर लावल्यावर मेन बोर्डावर २०१, न्हाणीत १९२. गिझरच्या फेज वायरचा करंट ७.३ अँपिअर. वायर दीडची, म्हणजे १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि मेन बोर्डापासून न्हाणीपर्यंत अंतर साधारण १८ मीटर. यावरून रोध किती, पॉवर किती, आणि गिझर खराब झालाय का, असं ते विचारतात. पुढे आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) एक एचपीच्या पंपाचा रोध हिशोबाने ३० ओम येतो, पण मल्टिमीटर ४ ओमच दाखवतो, असं का? आणि अर्थिंग चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

आधी सरळ उत्तर. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो आणि व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर मिळते. १९२ भागिले ७.३ म्हणजे २६.३ ओम. १९२ गुणिले ७.३ म्हणजे सुमारे १४०० वॅट. तुमचा हिशोब बरोबर आहे आणि गिझरही ठणठणीत आहे. प्लेटवरचे आकडे तपासा: २३० चा वर्ग ५२,९००, त्याला २००० ने भागलं की २६.४५ ओम. म्हणजे कॉइलचा रोध कंपनीने जेवढा ठेवला होता तेवढाच आजही आहे. कंपनीचे २००० वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तर. तुमच्याकडे संध्याकाळी १९२ मिळतात, म्हणून १४००.

व्होल्टेज साधारण १६ टक्क्यांनी पडलं आणि पॉवर मात्र ३० टक्क्यांनी घटली, हे पुष्कळांना चुकल्यासारखं वाटतं. कॉइलचा रोध बदलत नाही, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की करंटही त्याच प्रमाणात उतरतो, आणि पॉवर म्हणजे त्या दोघांचा गुणाकार. दोन्ही घटले की गुणाकार दुहेरी घटतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध या सूत्रातला वर्ग इथूनच येतो.

पाण्याचा हिशोबही करून टाकू. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे २०७० किलोज्यूल उष्णता लागते. २००० वॅटने याला सव्वासतरा मिनिटं, १४०० वॅटने जवळजवळ पंचवीस. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरली तर दोन्ही आकडे थोडे वाढतील. युनिटं दोन्ही वेळी तेवढीच, अर्ध्याहून थोडी जास्त. त्यामुळे लो व्होल्टेजवर बिल कमी येतं ही समजूत गिझरच्या बाबतीत खरी नाही. थर्मोस्टॅट पाणी तापेपर्यंत गिझर चालू ठेवतो, फक्त घरच्यांना थांबावं लागतं.

आता या सगळ्यामागची एक अट सांगतो, कारण हिशोब चुकतात ते इथेच. सूत्रात घातलेलं व्होल्टेज, करंट आणि रोध हे तिन्ही एकाच तुकड्याचे असले पाहिजेत. गिझरचा रोध काढायचा तर गिझरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं आणि गिझरमधून जाणारा करंट घ्यायचा. मेन बोर्डावरचे २०१ घेऊन ७.३ ने भागलंत तर २७.५ ओम येतील. ते आकडेही खोटे नाहीत, पण तो रोध गिझर आणि घरातली वायर यांचा मिळून आहे. गिझर बंद असतानाचे २०५ घेतलेत तर त्यात घराबाहेरच्या तारांचाही रोध मिसळतो, आणि २३० घेतलेत तर आलेला आकडा कशाचाच नाही. पुस्तकातल्या उदाहरणांत व्होल्टेज एकच दिलेलं असतं, म्हणून हा प्रश्न तिथे पडत नाही. घरात मात्र प्रत्येक बोर्डावर व्होल्टेज वेगळं असतं, आणि त्या फरकातच खरी माहिती लपलेली असते.

तुमच्या आकड्यांत ती माहिती आहे, आणि ती मला गिझरपेक्षा जास्त काळजीची वाटते.

गिझर लावल्यावर मेन बोर्डावर ४ व्होल्ट उतरले, २०५ चे २०१. हे ४ व्होल्ट ७.३ अँपिअरमुळे घराबाहेरच्या तारांत, खांबावरच्या जोडांत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये गेले. ४ भागिले ७.३, म्हणजे बाहेरच्या वाटेचा रोध ०.५५ ओम. लांब लाइनीच्या टोकाला असलेल्या घरात असा आकडा मिळतो. पण मेन बोर्डापासून न्हाणीपर्यंत आणखी ९ व्होल्ट गेले आहेत. ९ भागिले ७.३ म्हणजे १.२३ ओम, आणि हा सगळा रोध तुमच्या घराच्या भिंतींत आहे.

वायरचा रोध किती असायला हवा? दीडच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १२.१ ओम असतो. अंतर १८ मीटर, पण करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून लांबी ३६ मीटर धरायची. ३६ मीटरचे ०.४४ ओम होतात. १.२३ मधून ०.४४ गेले, उरले ०.७९ ओम. हे पाऊण ओम वायरीचे नाहीत. मग कुठले? कुठल्या तरी सैल स्क्रूखालचे, कळंक चढलेल्या सांध्याचे, किंवा जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली असेल तिथले.

पाऊण ओम ऐकायला क्षुल्लक वाटतो. त्यात किती पॉवर जळते ते बघा. करंटचा वर्ग गुणिले रोध: ७.३ चा वर्ग ५३.३, गुणिले ०.७९, म्हणजे ४२ वॅट. वायरीतही २३ वॅट जळताहेत, पण ते ३६ मीटरभर पसरलेले आहेत. वायरीला हात लावला तर कोमट लागेल, इतकंच. हे ४२ वॅट मात्र नखाएवढ्या पितळी तुकड्यात, बंद डब्याच्या आत, हवा न लागता, गिझर चालू असेपर्यंत निघत राहतात. रेडिओ दुरुस्तीची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसं वितळवते. तुमच्या घरात त्याच्या दीडपटीहून जास्त ताकदीची आयर्न कुठल्या तरी बोर्डात रोज लागते आहे. त्या उष्णतेने स्क्रू आणखी ढिला होतो, पितळ काळं पडतं, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. सरकतं ते पुढेच.

गिझर बंद असताना हा सांधा तुम्हाला दिसला नाही, कारण करंट नसला की कुठल्याही रोधावर व्होल्टेज पडत नाही. दोन्ही बोर्डांवर २०५ आलं ते त्यामुळे. टेस्टर लावला असता तर तोही छान पेटला असता. ‘फेज येतोय, सगळं ठीक आहे’ असं सांगून वायरमन निघून जातो तेव्हा त्याने लोड लावून मोजलेलं नसतं. सांध्याची परीक्षा घ्यायची तर त्यातून करंट जात असतानाच घ्यायची.

इथे कोणी म्हणेल, एका सूत्रात रोध वाढला की पॉवर घटते आणि दुसऱ्यात रोध वाढला की पॉवर वाढते, मग खरं कोणतं? दोन्ही खरी आहेत. तुमच्या तुकड्यात काय पक्कं धरलेलं आहे ते बघायचं. गिझरच्या टोकांशी व्होल्टेज जवळजवळ ठरलेलं असतं, म्हणून तिथे कमी रोधाचा गिझर जास्त तापतो. सांध्यात व्होल्टेज ठरलेलं नसतं. त्यातून किती करंट जायचा हे पुढे जोडलेला गिझर ठरवतो, सांध्याचं त्यावर फारसं चालत नाही. म्हणून तिथे रोध जास्त तर उष्णता जास्त. आयटीआयला शिकणाऱ्या पोरांना मी तिन्ही सूत्रं पाठ करायला सांगत नाही. कोणती गोष्ट कोण ठरवतंय एवढं आधी विचारा, सूत्र आपोआप सापडतं.

करायचं काय? मेन स्विच बंद करून आणि बंद झालाय याची मीटरने खात्री करून, लायसन असलेल्या वायरमनकडून या क्रमाने उघडून बघून घ्या: मेन बोर्डावरची गिझरची एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच), न्यूट्रल लिंक (सगळ्या न्यूट्रल तारा जोडलेली पट्टी), वाटेतले जंक्शन बॉक्स, आणि शेवटी न्हाणीचा बोर्ड. माझा अनुभव असा की न्यूट्रल लिंक बहुतेक वेळा दोषी निघते, कारण फेजकडे सगळे बघतात आणि न्यूट्रल कोणी पुन्हा आवळत नाही. उघडण्याआधी एक अंदाज घेता येतो. गिझर चालू असताना न्हाणीच्या बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा. गिझर लावताच ते नऊ-दहा व्होल्टनी वाढलं तर सांधा न्यूट्रलच्या बाजूला, तीन-चारच वाढलं तर फेजच्या. काळा पडलेला स्क्रू नुसता आवळू नका. तारेचं टोक कापून नवं तांबं उघडं करा आणि टर्मिनल बदला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की घासून पुसून बसवलेला जुना स्क्रू पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवा पडतो. वायर बदलणार असाल तर गिझरला अडीचची तरी घाला, चारची असेल तर उत्तमच.

याने पाणी किती लवकर तापेल? फार नाही. सांधा नीट केल्यावर हिशोबाने गिझरला १९७ ते १९८ व्होल्ट मिळतील आणि पॉवर १४८० च्या आसपास जाईल. पंचवीस मिनिटांचे तेवीस होतील. सांधा दुरुस्त करायचा तो आगीसाठी, आंघोळीसाठी नव्हे. उरलेला फटका गिझर लावण्याआधीच २३० चे २०५ झालेत त्याचा आहे, आणि तो संपूर्ण वाड्याच्या (वस्तीच्या) संध्याकाळच्या लोडचा आहे. त्यासाठी तारीख, वेळ, गिझर बंद असतानाचं आणि चालू असतानाचं मेन बोर्डावरचं व्होल्टेज असे आकडे लिहून वीज खात्याच्या उपविभागात अर्ज द्या. ‘व्होल्टेज कमी येतं’ एवढंच लिहिण्यापेक्षा आकड्यांचा अर्ज अभियंत्याच्या जास्त उपयोगी पडतो. गिझरला स्टॅबिलायझर लावण्याचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. स्टॅबिलायझर पॉवर तयार करत नाही. आत २३० करून देण्यासाठी तो बाहेरून साडेदहा अँपिअरच्या आसपास ओढेल, आणि तुमचा तो सांधा दुप्पट तापेल. संध्याकाळी सातऐवजी पाचला गिझर लावा, बिनखर्चाचा उपाय आहे.

मोजताना एक काळजी घ्या. शेजारच्यांचा पंप मध्येच सुरू झाला तर तुमचे २०५ चे २०२ होतील आणि तो दोष गिझरच्या माथी जाईल. म्हणून गिझर पाच-सहा वेळा चालू-बंद करून दरवेळचा फरक लिहा. नेहमी येणारा फरक खरा. ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो तो शास्त्रज्ञ, खुद्द ओमही, या त्रासातून सुटला नव्हता. त्याच्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच उतरायचं. शेवटी त्याने एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलेली तांबं-बिस्मथची थर्मोकपल (टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) वापरली, तेव्हा व्होल्टेज स्थिर राहिलं आणि नियम स्वच्छ दिसला. त्याचं पुस्तक १८२७ साली आलं. आणि क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत आले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो.

आता पंप. २०५ व्होल्ट, ६.८ अँपिअर, भागाकार ३० ओम. मल्टिमीटरवर वाइंडिंग ४ ओम. मल्टिमीटरचा आकडा तांब्याच्या तारेचा आहे आणि तो बरोबर आहे. ३० हा आकडा रोध नाहीच. मोटार फिरायला लागली की तिच्या वाइंडिंगमध्ये येणाऱ्या व्होल्टेजला विरोध करणारं व्होल्टेज तयार होतं, आणि करंट मुख्यतः त्यानेच आवरला जातो. नुसत्या ४ ओमने आवरला असता तर ५१ अँपिअर गेले असते. गिझरमध्ये सगळी वीज उष्णता होते. मोटारीत बरीचशी फिरण्यात जाते आणि वाइंडिंगमध्ये करंटचा वर्ग गुणिले ४, म्हणजे १८५ वॅट, उष्णता म्हणून राहतात.

पावसाळ्यात महिनोन्महिने बंद ठेवलेला पंप कुळागराला पाणी द्यायच्या वेळी लावतात आणि तो गंजून अडकलेला असतो. फिरलाच नाही तर विरोधी व्होल्टेज तयार होत नाही. करंट ३० अँपिअरवर गेला तर वाइंडिंगमधली उष्णता ३० चा वर्ग गुणिले ४, म्हणजे ३६०० वॅट. नेहमीच्या वीसपट. नुसता ‘हूं’ असा आवाज येतोय आणि पाणी येत नाही, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबू नका. लगेच बंद करा, आधी शाफ्ट हाताने फिरतो का बघा, मग कपॅसिटर तपासा. लो व्होल्टेजवर मोटारीचं वागणं गिझरच्या उलट असतं हेही ध्यानात ठेवा. तिला तेवढंच पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, म्हणून व्होल्टेज उतरलं की ती बहुधा जास्त करंट ओढते. गिझर लो व्होल्टेजवर मंदावतो, मोटार जळते.

पंपाची पॉवरही नुसत्या गुणाकाराने मिळत नाही. २०५ गुणिले ६.८ म्हणजे १३९४, पण हे व्होल्ट-अँपिअर झाले. मोटारीत करंट व्होल्टेजच्या थोडा मागून चालतो, म्हणून खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं, आणि तो मल्टिमीटरवर दिसत नाही. यावर सोपा इलाज तुमच्या भिंतीवरच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त पंप चालू ठेवा, आणि २० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ३२०० च्या मीटरला २२,५०० भागिले ते सेकंद, आलेला आकडा वॅट. १९ सेकंद लागले तर ११८४ वॅट. ११८४ भागिले १३९४, पॉवर फॅक्टर ०.८५. मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाख गुणिले लुकलुकी, भागिले छापलेला आकडा, भागिले सेकंद. पंखा, फ्रिज, एलईडी, कशालाही हे चालतं. लोड लहान असेल तर लुकलुक सावकाश होते, थोडा धीर धरावा लागतो.

राहिलं अर्थिंग. आपल्याकडे पुष्कळ वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतात आणि तो लख्ख पेटला की अर्थिंग पास करतात. या परीक्षेवर विसंबू नका. त्या बल्बचा तापलेला रोध २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओम. अर्थिंगचा रोध २० ओम असला तर बल्बला २२१ व्होल्ट मिळतात, तो पूर्ण पेटतो. अर्थिंग १०० ओम असलं तरी १९३ व्होल्ट मिळतात, तेव्हाही बल्ब पेटलेलाच दिसतो. पण गिझरची कॉइल फुटून फेज बॉडीला लागला तर २० ओमच्या अर्थिंगमधून जातील २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी एवढ्या करंटला पडणारच नाही. गिझरची बॉडी आणि नळाचं पाणी फेजला धरून बसेल. जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात माती वाळली की अर्थिंगचा रोध आणखी वाढतो. म्हणून अर्थिंग अर्थ टेस्टरने मोजून घ्या, आणि तेही उन्हाळ्यात, पावसात नव्हे.

आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर गिझर पुन्हा लावण्याआधी ती बसवा. ३० मिलिअँपिअर गुणिले २० ओम म्हणजे ०.६ व्होल्ट. अर्थिंग १०० ओमवर गेलं तरी ३ व्होल्ट. गळती हळूहळू वाढत असेल तर बॉडीवर एवढं व्होल्टेज चढायच्या आत ती पडलेली असते, आणि फेज एकदम बॉडीला लागला तरी ती क्षणभरात पडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडली नाही तर त्याच दिवशी बदला.